गरम हवेच्या फुग्याचे उड्डाण: वाऱ्याचे धोके व सुरक्षितता

गरम हवेच्या फुग्याला (प्रचलित नाव: हॉट एअर बलून) स्वतःचे इंजिन, सुकाणू किंवा ब्रेक नसतो. तो ज्या हवेत तरंगतो, त्या हवेच्याच वेगाने व त्याच दिशेने वाहत जातो. त्यामुळे वारा हाच या वाहनाचा चालक असतो आणि त्याच्या बहुतेक गंभीर धोक्यांमागेही वाऱ्याचाच प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हात असतो. फुगा फुगवताना, जमीन सोडताना, आकाशात असताना आणि पुन्हा उतरताना वाऱ्याचा वेग, त्याची दिशा व हवेच्या थरांमधील फरक यांमुळे हे धोके उद्भवतात. ते टाळण्यासाठी हवामानाचा अभ्यास, उड्डाणाच्या वेळेची निवड, वैमानिकाचे प्रशिक्षण, जमिनीवरील पथकाची शिस्त आणि प्रवाशांनी पाळावयाचे नियम यांची एक पद्धत विकसित झाली आहे. प्रतिकूल वाऱ्यात उड्डाण न करणे, हा या पद्धतीचा पाया मानला जातो.

फुगा आणि वारा यांचे नाते

फुग्याचे तीन प्रमुख भाग असतात: नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापडाचे आवरण, प्रोपेन वायूवर चालणारा बर्नर आणि माणसांसाठी वेताची टोपली. बर्नरच्या ज्योतीने आवरणातील हवा तापते, विरळ होते व बाहेरच्या हवेपेक्षा हलकी झाल्याने फुगा वर जातो. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली, तर ते सुमारे ०.९५ किलोग्रॅम होते. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे पाव किलोग्रॅमहून थोडी अधिक उचल मिळते. तीन-चार माणसांना नेणाऱ्या सुमारे २,२०० घनमीटरच्या फुग्याला या हिशेबाने सहाशे किलोग्रॅमच्या आसपास उचल मिळते.

याच हिशेबातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते. एवढ्या फुग्याच्या आवरणात कोंडलेल्या हवेचे वस्तुमानच सुमारे दोन टन असते. टोपली, इंधन व माणसे धरून अडीच टनांहून अधिक ओझे वाऱ्याच्या वेगाने सरकत असते. पाहणाऱ्याला फुगा हलका व नाजूक वाटतो. परंतु गती घेतलेला फुगा दोरी धरून थांबवणे माणसांच्या आवाक्यातले नसते.

फुगा हवेबरोबरच सरकत असल्याने टोपलीतील माणसाला वारा जवळजवळ लागतच नाही. वारा ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहत असला, तरी टोपलीत शांतता असते. हा अनुभव सुखद असला, तरी फसवा असतो. वेगाची खरी जाणीव जमिनीकडे पाहिल्यावर होते आणि त्याचा परिणाम जमिनीला टेकताना भोगावा लागतो. त्यामुळे हवा आणि जमीन यांची गाठ पडते ते दोन क्षण, म्हणजे सुटण्याचा व उतरण्याचा, सर्वाधिक जोखमीचे ठरतात.

वैमानिकाच्या हाती फक्त उंची असते. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा व वेग भिन्न असल्याने, वर-खाली होऊन सोयीचा थर शोधणे हाच फुगा वळवण्याचा एकमेव मार्ग आहे. उत्तर गोलार्धात जमिनीच्या घर्षणाचा प्रभाव उंचीबरोबर कमी होत जातो, तसा वारा बहुधा उजवीकडे वळतो. म्हणून वर जाणारा फुगाही साधारणपणे उजवीकडे झुकतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या अल्बुकर्क शहरात शरद ऋतूतील काही सकाळी खालच्या थरात उत्तरेकडून व वरच्या थरात दक्षिणेकडून वारा वाहतो. या रचनेला ‘अल्बुकर्क बॉक्स’ म्हणतात. तिचा उपयोग करून फुगा खालून दक्षिणेकडे जातो, वर चढून उत्तरेकडे परततो आणि सुटला त्या जागेच्या जवळ उतरू शकतो. १९७२ मध्ये १३ फुग्यांनिशी सुरू झालेला तेथील महोत्सव जगप्रसिद्ध होण्यात या वाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रान्समधील मॉन्गोल्फिये बंधूंनी बनवलेल्या फुग्यातून २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिये व मार्की दार्लांद यांनी पॅरिसवरून पहिले मुक्त मानवी उड्डाण केले. ते सुमारे २५ मिनिटे चालले. याच रोझिये यांना पुढे वाऱ्याच्या लहरीपणाचा कठोर अनुभव आला. इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी त्यांनी उष्ण हवा व हायड्रोजन या दोहोंवर चालणारा फुगा तयार केला आणि अनुकूल वाऱ्यासाठी बराच काळ वाट पाहिली. १५ जून १७८५ रोजी बूलोन्य येथून सुटलेला हा फुगा समुद्राकडे गेला. पण वारा फिरल्याने पुन्हा किनाऱ्याकडे ढकलला गेला व कोसळला. रोझिये व त्यांचे सहकारी प्येर रोमँ या दोघांचाही मृत्यू झाला. हवाई प्रवासातील अगदी सुरुवातीच्या प्राणघातक अपघातांत त्याची गणना होते.

प्रोपेन बर्नर वापरणारा आधुनिक फुगा अमेरिकेच्या एड योस्ट यांनी २२ ऑक्टोबर १९६० रोजी नेब्रास्का राज्यातील ब्रूनिंग येथे उडवला. बर्नरमुळे उंचीवर चांगले नियंत्रण आले. दिशेवर मात्र आले नाही. जानेवारी १९९१ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन व पेर लिंडस्ट्रँड यांनी जपानहून प्रशांत महासागर ओलांडला, तेव्हा उच्च थरातील वेगवान वाऱ्यात त्यांच्या फुग्याने ताशी सुमारे ३९४ किलोमीटरपर्यंत वेग गाठला. प्रवास यशस्वी झाला, परंतु ते उतरले ते उत्तर कॅनडाच्या बर्फाळ, निर्जन प्रदेशात.

महाराष्ट्राशी निगडित असलेला एक विक्रमही येथे नोंदवण्याजोगा आहे. उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून उड्डाण करून २१,०२७ मीटर उंची गाठली व गरम हवेच्या फुग्याचा जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. मुंबईत सुटलेला फुगा नाशिक जिल्ह्यातील पांचाळे येथे उतरला.

वाऱ्यापासून उद्भवणारे धोके

जमिनीलगतचा जोराचा वारा: प्रवासी उड्डाणांसाठी जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग साधारणपणे १० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १८ किलोमीटरच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. नेमकी मर्यादा फुग्याच्या निर्मात्याच्या पुस्तिकेवर, फुग्याच्या आकारावर व वैमानिकाच्या अनुभवावर अवलंबून असते. अर्धवट फुगलेले आवरण शिडासारखे काम करते. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट होतो. त्यामुळे कापड बर्नरच्या ज्योतीवर लोटले जाणे, टोपली फरफटणे किंवा फुगा वेळेआधीच सुटणे, असे प्रकार घडू शकतात.

फसवी उचल: जमिनीला बांधलेल्या फुग्याच्या माथ्यावरून वारा वेगाने वाहतो, तेव्हा तेथील दाब कमी होतो आणि विमानाच्या पंखाप्रमाणे जादा उचल मिळते. फुगा पुरेसा तापला आहे, असा वैमानिकाचा समज होऊ शकतो. फुगा सुटून वाऱ्याच्या वेगाने जाऊ लागला, की माथ्यावरून वाहणारा हा सापेक्ष वारा नाहीसा होतो आणि त्याबरोबर जादा उचलही संपते. अशा वेळी फुगा पुढील झाडांवर, तारांवर किंवा इमारतींवर खाली येतो. बर्नर चालवल्यानंतर त्याचा परिणाम जाणवायला काही सेकंद लागत असल्याने चूक उमगेपर्यंत उशीर झालेला असतो. झाडीच्या किंवा इमारतीच्या आडोशातून वर येऊन अचानक उघड्या वाऱ्यात शिरणाऱ्या फुग्यालाही हा धोका असतो.

थरांमधील वाऱ्याचा फरक: एकावर एक असलेल्या दोन थरांत वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकदम बदलत असेल, तर आवरणाचा वरचा भाग एका थरात व टोपली दुसऱ्या थरात येते. मोठ्या फुग्याची उंची सात-आठ मजली इमारतीएवढी असल्याने हे सहज घडू शकते. अशा वेळी आवरणाला खळगे पडतात, टोपली हेलकावते आणि आवरणातील गरम हवा बाहेर निसटून फुगा वेगाने खाली येऊ शकतो.

तापमानाची विपरीतता: निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड व जड हवेचा हा थर झाकणासारखा असतो. त्याच्या आत पान हलत नसते, पण दोन-तीनशे मीटर उंचीवर जोराचा वारा असू शकतो. सूर्य वर आला, की जमीन तापते, थर एकमेकांत मिसळतात आणि वरचा वारा जमिनीपर्यंत उतरतो. शांत पहाटे सुटलेल्या फुग्याला तासाभराने जोराच्या वाऱ्यात उतरावे लागते, ते यामुळेच.

ऊर्ध्वगामी प्रवाह व वावटळी: दिवस चढल्यावर नांगरलेली शेते, खडकाळ माळ, डांबरी रस्ते असे भाग असमान तापतात. त्यांवरील हवा स्तंभासारखी वर चढते व भोवतालची हवा खाली येते. या प्रवाहांत फुग्याची उंची वैमानिकाच्या ताब्यात राहत नाही. म्हणूनच फुग्यांची उड्डाणे सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत किंवा सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या तासांत केली जातात.

गडगडाटी वादळे: वादळी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून सर्व दिशांना पसरते. तिची आघाडी ढगापासून २०-३० किलोमीटर दूरही पोहोचू शकते. डोक्यावर स्वच्छ आकाश असतानाही वारा काही मिनिटांत कित्येक पट वाढतो व दिशा बदलतो. त्यामुळे वादळ दूर असले, तरी त्या परिसरात उड्डाण टाळले जाते.

भूरचना: डोंगराच्या वाऱ्याआडच्या उतारावर हवा भोवऱ्यासारखी फिरते व फुग्याला खाली खेचू शकते. दऱ्यांमध्ये रात्री पर्वतीय वारे उताराने खाली वाहतात, तर दिवसा दरीय वारे वर चढतात. या बदलाच्या वेळी दिशा अनिश्चित असते. किनारी प्रदेशात मतलई वाऱ्यांमुळे फुगा समुद्राकडे ओढला जाण्याची भीती असते, तर खारे वारे सुरू होताच वेग व दिशा दोन्ही बदलतात.

उड्डाणापूर्वीची दक्षता

वैमानिक आदल्या दिवसापासून हवामानाचे अंदाज, वेगवेगळ्या उंचीवरील वाऱ्यांचे तक्ते व वादळांच्या शक्यता तपासतो. प्रत्यक्ष जागेवर हेलियम भरलेला लहान रबरी फुगा सोडून तो कोणत्या उंचीवर कोणीकडे वळतो, याचे निरीक्षण केले जाते. हवामानशास्त्रात याला ‘पायलट बलून’ म्हणतात. जमिनीवरील खुणाही उपयोगी पडतात. धूर तिरपा जातो पण चेहऱ्याला वारा जाणवत नाही, तेव्हा वेग ताशी ५ किलोमीटरपर्यंत असतो. चेहऱ्याला वारा जाणवून पाने सळसळली, तर तो ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने व लहान डहाळ्या सतत हलू लागल्या आणि हलके निशाण फडफडू लागले, की तो १२ ते १९ किलोमीटर मानावा, असे बोफर्ट मापनश्रेणी सांगते. ही तिसरी पायरी बहुतेक प्रवासी उड्डाणांची सीमारेषा ठरते.

उड्डाणाची जागा निवडताना वाऱ्याच्या दिशेला तारा, उंच झाडे किंवा इमारती नाहीत, तसेच संभाव्य मार्गावर उतरण्याजोगी मोकळी जागा आहे, याची खात्री केली जाते. फुगवताना टोपली वाहनाला मजबूत दोरीने व झटकन सुटणाऱ्या कडीने बांधतात. आवरणाच्या माथ्याची दोरी धरून ते डोलू न देण्याचे काम पथकातील व्यक्ती करते. इंधन केवळ ठरलेल्या प्रवासापुरते न घेता राखीव साठ्यासह घेतले जाते, कारण वाऱ्यामुळे पहिली जागा हुकली, तर दुसरी सापडेपर्यंत फुगा हवेत राहावा लागतो.

तुर्कस्तानातील कॅपाडोशिया या जगातील अत्यंत गजबजलेल्या फुगे-पर्यटन क्षेत्रात उड्डाणाचा निर्णय वैमानिकांवर किंवा कंपन्यांवर सोडलेला नाही. नागरी विमान वाहतूक प्रशासन दररोज वाऱ्याचा आढावा घेऊन हिरवा, पिवळा किंवा लाल बावटा जाहीर करते. हिरवा म्हणजे परवानगी, पिवळा म्हणजे प्रतीक्षा आणि लाल म्हणजे रद्द. पैसे भरून दुरून आलेल्या पर्यटकांचा हिरमोड टाळण्याचा दबाव उड्डाण करणाऱ्यांवर असतो. निर्णय त्रयस्थाकडे असल्याने तो दबाव कमी होतो.

उड्डाणातील व उतरतानाची दक्षता

उड्डाणात वैमानिकाला तारांचा शोध सतत घ्यावा लागतो. तारा दुरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांबांच्या रांगेवरून तारांचा अंदाज बांधला जातो. तारांशी टक्कर अटळ झाली, तर बर्नर पेटवून त्या ओलांडण्याचा प्रयत्न करू नये, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. त्याऐवजी माथ्याची झडप उघडून वेगाने खाली यावे, म्हणजे तारेला टोपली किंवा तिच्या वरच्या पोलादी दोऱ्या न लागता कापडी आवरण लागण्याची शक्यता वाढते. आपटल्याने दुखापत होऊ शकते. पण विजेचा धक्का व आग यांच्यापेक्षा ती बहुधा कमी घातक असते.

अनेक फुगे एकत्र उडत असताना खालच्या फुग्याला अग्रक्रम असतो. खालच्या वैमानिकाला स्वतःच्या आवरणामुळे वरचे काहीच दिसत नाही. त्यामुळे अंतर राखण्याची जबाबदारी वरच्यावर असते.

जोराच्या वाऱ्यात उतरताना लांब व अडथळा नसलेले शेत निवडले जाते. ताशी १० किलोमीटरच्या तुलनेत २० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या फुग्याची गतिज ऊर्जा चौपट असते आणि टोपली आडवी पडून बरेच अंतर फरफटत जाऊ शकते. टेकण्यापूर्वी वैमानिक बर्नर विझवतो, इंधनाच्या टाक्या बंद करतो आणि टेकताक्षणी माथ्याची झडप पूर्ण उघडून आवरणातील हवा सोडतो.

प्रवाशांनी व पथकाने पाळावयाचे नियम

उतरताना प्रवाशांनी प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून, ती टोपलीच्या भिंतीला टेकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहावे किंवा सांगितल्यास बसावे. आतील दोरीच्या मुठी दोन्ही हातांनी धराव्यात. टोपलीचा काठ धरू नये. हात, कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी बाहेर काढू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वैमानिकाने सांगितल्याशिवाय कोणीही टोपलीतून उतरू नये. एक माणूस उतरला, तरी फुग्याचा भार साठ-सत्तर किलोग्रॅमने घटतो आणि उरलेल्यांना घेऊन तो अचानक पुन्हा वर उचलला जाऊ शकतो.

जमिनीवरील पथकासाठी आणि मदतीला धावून येणाऱ्या गावकऱ्यांसाठी एकच मुख्य नियम आहे: पाय जमिनीवरून सुटण्याच्या बेतात आले, की दोरी किंवा टोपली तत्काळ सोडावी. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. फुगा तारांना अडकला असेल, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला वा त्याच्या दोरीला हात लावू नये.

उल्लेखनीय अपघात

२३ ऑगस्ट २०१२ रोजी स्लोव्हेनियातील लुब्लियाना शहराजवळ ३२ जणांना घेऊन गेलेला फुगा अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात सापडून जमिनीवर आदळला व पेटला. या दुर्घटनेत सहा जणांचा मृत्यू झाला. ५ जानेवारी २०१८ रोजी इजिप्तमधील लक्सर येथे जोराच्या वाऱ्याने मार्ग सोडलेला फुगा कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला.

७ जानेवारी २०१२ रोजी न्यूझीलंडमधील कार्टरटन येथे फुगा विजेच्या तारांवर वाहत गेला. वैमानिकाने वेगाने खाली येण्याऐवजी तारांवरून वर जाण्याचा प्रयत्न केला. फुगा अडकून पेटला आणि त्यातील सर्व ११ जणांचा मृत्यू झाला. ३० जुलै २०१६ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील लॉकहार्टजवळ फुगा तारांना धडकून १६ जण मरण पावले. तेथे वारा नव्हे, तर ढग व कमी दृश्यता हा प्रश्न होता. तरीही चौकशीत मुख्य ठपका ठेवला गेला तो हवामान प्रतिकूल असताना उड्डाण करण्याच्या व ते पुढे चालू ठेवण्याच्या वैमानिकाच्या निर्णयावर.

भारतातील स्थिती

भारतात फुग्यांच्या उड्डाणांचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. राजस्थानातील जयपूर व पुष्कर, तसेच महाराष्ट्रातील लोणावळा–कामशेत परिसर येथे पर्यटकांसाठी उड्डाणे होत आली आहेत. त्यांचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा असतो. या काळात आकाश निरभ्र व सकाळचा वारा मंद असतो. मात्र तापमानाची विपरीतता याच दिवसांत तीव्र असल्याने वरच्या थरातील वारा तपासणे आवश्यक ठरते. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर दुपारनंतर वळवाच्या पावसाची वादळे उठतात, त्यामुळे त्या काळातील सायंकालीन उड्डाणे विशेष जोखमीची असतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरातील सतत जोराचा वारा, पाऊस व ढग यांमुळे उड्डाणे शक्य होत नाहीत.

निर्णयाचे महत्त्व

विमानाचा वैमानिक प्रतिकूल हवामान दिसल्यास मागे वळू शकतो, वेग कमी-जास्त करू शकतो किंवा दुसऱ्या धावपट्टीकडे जाऊ शकतो. फुग्याच्या वैमानिकाला यांपैकी एकही पर्याय उपलब्ध नसतो. जमीन सोडल्यानंतर त्याचे पर्याय झपाट्याने कमी होतात. सर्वाधिक पर्याय असतात ते उड्डाणापूर्वी. म्हणून वाऱ्याविषयी शंका असल्यास उड्डाण रद्द करणे हे अपयश न मानता वैमानिकाच्या कौशल्याचाच भाग मानले जाते, आणि रद्द झालेले उड्डाण प्रवाशांनीही तक्रारीविना स्वीकारावे, अशी अपेक्षा असते.